पाहुणी तबकडी

"उलटं उभं केलेलं कव्हर दिसलं, तर ते सरळ करायला जायचं नाही. आत पाहुणी असते."

मामंजींचा हा आवाज वहिनींच्या कानात अजून जसाच्या तसा होता. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा दुकानात पाय ठेवला, तेव्हा सासऱ्यांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुकान गाण्यांच्या तबकड्यांचं. एखादी तबकडी धुवायला यायची आणि तिचं कव्हर फाटलेलं असायचं. मग कव्हराला खळ लावून ते वजनाखाली वाळत ठेवायचं, आणि तोवर तबकडीला दुसऱ्या एखाद्या रिकाम्या कव्हरात उतरवायचं. ते कव्हर फळीवर डोकं खाली करून उभं करायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळावं, की वर नाव एकीचं आहे आणि आत राहते दुसरीच. पाहुणीला विकायचं नाही. तिचं घर नीट झालं की मानानं पोचवायचं.

"तूही इथे पाहुणी म्हणूनच आलीस," मामंजी म्हणाले होते, "पण तुला काही कोणी उलटं उभं केलं नाही, हे विसरू नकोस." आणि मग स्वतः अजिबात न हसता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. विनोद करायचा आणि तोंड कोरडं ठेवायचं ही त्यांची खोडच होती.

आता मामंजी नव्हते, त्यांचा मुलगाही नव्हता. एका बाजूला किल्ल्या बनवणारा आणि दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान, यांच्यामध्ये बोळासारखं लांबट पसरलेलं ते दुकान वहिनींच्या पदरात पडलं होतं. सकाळी दार उघडलं की वहिनी आधी तबकड्या वाजवायच्या मशीनची सुई मऊ कुंचल्यानं पुसत. तोवर कोणाशी बोलायचं नाही हा त्यांचा नेम. मनात देवाचं नाव चाललेलं असायचं आणि हात सुईवर. शेजारच्या किल्लीवाल्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो सकाळी नुसती मान हलवायचा आणि नंतर चहाच्या वेळी साठलेलं सगळं बोलून घ्यायचा.

मधली कितीतरी वर्षं वाईट गेली. रस्त्यावरची तबकड्यांची दुसरी दुकानं एकेक करून मोबाइलची झाली. एकदा एक भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि सगळा माल वजनावर मागू लागला. वहिनींनी त्याला पाणी दिलं, बसवलं, एक तबकडी वाजवून दाखवली. तो पूर्ण ऐकून गेला, पण रिकाम्या टेम्पोनिशी गेला. लोक म्हणायचे, वहिनी, तुम्ही दुकान चालवत नाही, दिवा तेवत ठेवताय. त्या म्हणायच्या, दोन्हीला तेल लागतंच की.

तेल आणलं ते सूनबाईनं. मुलगा बोटीवर नोकरीला, घरी कमी आणि समुद्रावर जास्त. एकटी घरात बसून काय करू, म्हणून सून दुकानात यायला लागली. आल्या आल्या तिनं दाराशी, जिथे सकाळचा उजेड सरळ आत येतो तिथे, एक पांढरी चादर लावली आणि तबकड्यांचे फोटो काढायचा सपाटा लावला. फोटो इंटरनेटवर गेले आणि लांब लांबच्या गावांहून मागण्या येऊ लागल्या. मग गावातलीही तरुण मुलंमुली येऊ लागली. कव्हरं हातात घेऊन वास घ्यायची, मागचा मजकूर वाचायची, बाकावर बसून एकेक बाजू ऐकायची. काहींच्या घरी वाजवायचं मशीनच नव्हतं. ती तबकडी नेऊन भिंतीवर टांगायची. सूनबाईला त्याचं हसू यायचं. वहिनी म्हणायच्या, असू दे गं, देवळात सगळेच काही दर्शनाला येत नाहीत, काही जण सावलीला येतात. सावलीला आलेलाही एखाद्या दिवशी वर बघतो.

दुकान सुनेनं तारलं, हे वहिनी कोणालाही सांगायच्या, तिच्यासमोरसुद्धा. त्यांनी तिला तबकडी कडेला धरायला शिकवलं, ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवायला शिकवलं, धुतलेली तबकडी ताटाळ्यासारख्या लाकडी घोडीत रात्रभर उभी करायला शिकवलं. उलट्या कव्हराची गोष्ट मात्र बोलायची राहिली. सून आल्यापासून दुकानात एकही पाहुणी आली नव्हती, त्यामुळे तो विषयच निघाला नव्हता.

आणि मग समोरच्या कोपऱ्यावरचे घड्याळकाका एक चपटं पुडकं घेऊन आले.

घड्याळकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. माणूस कमी बोलणारा, आणि बोललाच तर तिरकं. पुडक्यात एकच तबकडी होती, मधला गोल कागद कोरा, कव्हर जाड खाकी कागदाचं आणि तिन्ही कडांना फाटलेलं. वहिनींनी ती उजेडात तिरपी धरली आणि लगेच ओळखली. ही कारखान्यात छापलेली नव्हती. पूर्वी काही स्टुडिओत कोणीही जाऊन आपला आवाज तबकडीवर कोरून घेऊ शकत असे. तशी ही, नरम थराची. अशीची दुसरी प्रत नसते, आणि सुई फिरली की दर वेळी थोडासा आवाज झिजवूनच नेते.

आवाज काकूंचा होता. लग्नानंतर दोघं फिरायला गेलेली असताना घड्याळकाकांनी हौसेनं बायकोला स्टुडिओत उभं केलं होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवसापासून काका ही तबकडी वर्षातून एकदाच लावत, म्हणजे पुरेल.

"आता पुरवून काय करू," ते म्हणाले. त्यांचा एक कान कधीच गेला होता. दुसऱ्या कानाचं येत्या शुक्रवारी ऑपरेशन होतं, आणि नंतर तो राहील की तोही जाईल, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. घड्याळाची टिकटिक त्यांना आताच बोटांनी ओळखावी लागत होती. म्हणून गुरुवारी संध्याकाळी, दवाखान्यात जायच्या आधी, दुकानातल्या चांगल्या मशीनवर ती एकदा ऐकायची होती. स्वच्छ करून ठेवा, पण तोवर वाजवून बघू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

"तुमची तबकडी या घरच्याच हातानं तुमच्या हातात पडेल," वहिनी म्हणाल्या. वचन देताना त्या आवाज चढवत नसत. उलट आणखी खाली आणत.

त्या दिवशी वहिनींनी दोन तबकड्या धुतल्या. एक ट्रंपेटच्या सुरावटींची, जिच्या कव्हरावर सोनेरी भोंगा होता. दुसरी काकूंची, साध्या पाण्यानं, लहान बाळाचं अंग पुसावं तशी. तिच्या खाकी कव्हराला खळ लावून ते जाड पुस्तकांखाली ठेवलं. ट्रंपेटची तबकडी सकाळपर्यंत घोडीत वाळणारच होती, म्हणजे सोनेरी भोंग्याचं घर रिकामं. नरम थरावर धूळ बसू नये म्हणून काकूंची तबकडी कोरडी होताच वहिनींनी त्यात उतरवली, कव्हर उलटं केलं आणि फळीवर उभं केलं. नमस्कार केला, दुकान सुनेवर सोपवलं आणि त्या डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई पुसून झाल्यावर त्या घोडीपाशी गेल्या. ट्रंपेटची तबकडी वाळून तिथेच उभी होती. फळीवर तिचं कव्हर नव्हतं.

वहिनींनी शेजारची कव्हरं एकेक सरकवून बघितली. मग त्यांनी सुनेला हाक मारली. हाक नेहमीसारखीच होती, म्हणून सून हसत आली. सोनेरी भोंग्याचं विचारल्यावर तिनं खुशीत सांगितलं, की ती तबकडी काल खपली. फोटो आधीच टाकलेले होते, संध्याकाळी मागणी आली आणि पार्सलवाला दारात उभाच होता.

"उलटी ठेवली होती कोणीतरी," सून म्हणाली. "मी सरळ केली आणि बांधून दिली. काय झालं, आई?"

वहिनींनी तिला बाकावर बसवलं आणि मामंजींनी सांगितलं होतं ते तिला सांगितलं. गोष्ट पहिल्यांदा शिकवताना जितक्या सावकाश सांगावी तितक्या सावकाश. निम्म्यातच सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आपण आत डोकावलो का नाही, एवढंच ती म्हणत राहिली. रोज डोकावत होते, काल तेवढी घाई केली. वहिनींनी तिला पदराचं टोक दिलं. तिला बोल लावावा असं त्यांच्या मनात आलं नाही. नीटनेटकं ठेवण्याची सवय त्यांनीच तर लावली होती. नीटनेटक्या माणसालाच उलटी वस्तू बघवत नाही.

पार्सलवाल्याला फोन लावला. त्याच्या ऑफिसातल्या माणसानं सांगितलं, की गाडी गेली, आता पार्सल पोचल्यावरच काय ते. माल ज्यानं मागवला होता तो बसनं जाऊन यायला अख्खा दिवस लागेल अशा गावात राहत होता. इंटरनेटवर त्यानं स्वतःचं नाव 'काळी पोळी' असं ठेवलं होतं. सुनेनं सांगितलं, की हा मोठा संग्राहक आहे, इतरांकडे नाहीत अशाच वस्तू जमवतो.

इथे पहिल्यांदा दोघींचं जमलं नाही. सुनेचं म्हणणं, त्याला खरं सांगायचं नाही. चुकून फालतू तबकडी गेली आहे, परत पाठवा, तुमची लगेच देतो, एवढंच कळवायचं. जगात एकच प्रत आहे असं कळलं तर असला माणूस ती सोडेल कशी? मांजराला दुधाची राखण सांगायची, तर निदान ते पाणी आहे म्हणून सांगावं.

वहिनी म्हणाल्या, तुझं बरोबर असेल. पण फालतू म्हटलं तर तो ती फालतूसारखीच हाताळेल. आणि मला तोंडानं तसं म्हणवणार नाही गं, सकाळीच त्या तोंडानं नाव घेतलंय.

बुधवारी पार्सल पोचल्याचं कळलं आणि वहिनींनी स्वतः फोन केला. सून शेजारी कान लावून बसली. वहिनींनी सगळं सांगितलं. तबकडी कोणाची, कोणाचा आवाज, शुक्रवारी काय आहे ते. एकच प्रत आहे हेही. सुनेनं कपाळाला हात लावला.

मग तो माणूस बोलला. आवाज दमलेला होता. दवाखान्यात पाळीवर काम करतो, आत्ताच घरी आलोय म्हणाला. आल्या आल्या त्यानं पार्सल उघडलं होतं, कोरा कागद बघून त्याला आनंदच झाला होता, आणि त्यानं ती मशीनवर लावलीही होती.

"पूर्ण ऐकली?" वहिनींनी विचारलं.

"नाही. सुरुवातीला कोणीतरी बाई खोकल्या, मग हसल्या. मी तिथेच सुई उचलली," तो म्हणाला. "वाटलं, हे माझ्यासाठी नाहीये."

वहिनींनी डोळे मिटले. तो पुढे सांगत राहिला. तबकडीच्या कडेला एका जागी थर सुटायला आला होता. पार्सलच्या गाडीत पुन्हा उन्हात पडली तर अर्धी तरी जाईल, आणि गुरुवारी पोचणारही नाही. त्याला सुटी मिळत नव्हती. कोणी आलं तर तो दवाखान्याच्या दारात आणून हातात देणार होता. त्या बदल्यात त्याला काही नको होतं. फक्त त्याचा सोनेरी भोंगा त्याला हवा होता, कारण तो त्यानं दोन वर्षं शोधला होता. हे सांगताना तो थोडा लाजला.

फोन ठेवल्यावर वहिनी उठल्या आणि रस्ता ओलांडून घड्याळकाकांकडे गेल्या. सून म्हणत होती, आणल्यावर सांगू, उगाच म्हाताऱ्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा. पण वस्तू त्यांची होती, ती कुठे आहे हे त्यांना कळायला हवं होतं.

घड्याळकाकांच्या डोळ्याला भिंग होतं. त्यांनी ते न काढताच ऐकलं, चांगला कान वहिनींकडे करून. ऐकून झाल्यावर हातातला चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. रागावले असतील तर तो राग चिमट्यातच राहिला.

"त्यानं कुठवर ऐकली?" त्यांनी विचारलं.

काकू हसल्या तिथवर, असं वहिनींनी सांगितलं.

"मग काही बुडालं नाही त्याचं. पुढे ती गातच नाही."

वहिनींना कळेना. मग काकांनी भिंग काढलं आणि सांगितलं. गाणं ठरलं होतं, रंगीत तालीम झाली होती. पण लाल दिवा लागला आणि काकूंना हसू फुटलं. हसू आवरलं तशी काकांवर घसरल्या. एवढा खर्च कोणी सांगितला होता, चांगल्या दोन चादरी आल्या असत्या, माणसाला काही पोच असावी. शेवटपर्यंत हेच. पुढच्याच वर्षी चादरी घेऊन दिल्या म्हणाले, पण ते काही तबकडीवर आलं नाही.

"इतकी वर्षं दर वर्षी शिव्या खायला बसतो," काका म्हणाले. "गुरुवारी शेवटच्या खाईन म्हणतो. बघा जमलं तर."

वहिनी परत आल्या तेव्हा दुकानात दोन मुली कव्हरं चाळत होत्या आणि सून त्यांना काहीतरी समजावत होती, डोळे सुजलेले असूनही. त्या गेल्यावर वहिनींनी सांगितलं, की उद्या पहाटेच्या बसनं त्या स्वतः जाणार. वचन त्यांचं होतं. सुनेनं गुडघ्याकडे बोट दाखवलं. वहिनी म्हणाल्या, गुडघ्याला बसमध्ये बसायचंच असतं. सून म्हणाली, आणि चढायला, उतरायला? वहिनी म्हणाल्या, तुला तर बस लागते. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत अर्ध्या वाटेत गाडी थांबवायला लावणारी नवरी तूच. लग्नातली ती गोष्ट नातेवाइकांनी अजून सोडली नव्हती.

मग सून उठून मागच्या बाजूला गेली, चांगल्या मशीनवरचं कापड काढलं आणि नुसती उभी राहिली.

"याची सुई मला लावता येत नाही, आई," ती म्हणाली.

खरं होतं. त्या झिजलेल्या नरम तबकडीसाठी सगळ्यांत हलकी सुई लावायला लागणार होती, तिचा भार अगदी बेतानं कमी करून. भार जास्त झाला तर सुई थर ओरबाडणार, कमी झाला तर ती घसरत सुटणार. दुसरी संधी नव्हती. हे मामंजींनंतर एकट्या वहिनींच्या बोटांना ठाऊक होतं, आणि त्याला अख्खा दिवस, शांत डोकं आणि टाकाऊ तबकड्यांवर पुन्हा पुन्हा लावून बघणं लागणार होतं. दिवसभर बसमध्ये हादरून आलेल्या हातांचं ते काम नव्हतं.

बाकावर बसून वहिनी जपमाळेशिवायच बोटं एकमेकांवर फिरवत राहिल्या. त्यांनी काकांना शब्द कसा दिला होता, तो त्यांना आठवला. माझ्या हातानं, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. या घरच्या हातानं म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी पुस्तकांखालचं खाकी कव्हर काढलं. कडा छान बसल्या होत्या. ट्रंपेटची तबकडी पांढऱ्या कागदी पिशवीत घातली. दोन्ही एका कापडी पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवल्या. सून बघत होती. जाताना ही, येताना ती, एवढंच वहिनी म्हणाल्या. आणि पिशवी उभी धर, आडवी नको. कोणी वर ठेवा म्हणालं, तर मांडीवरच राहू दे. उन्हाच्या बाजूला बसू नकोस.

पहाटे, दुकानावरच्या माडीतल्या घरी, वहिनी नेहमीच्या वेळी उठून जपाला पाटावर बसल्या. स्वयंपाकघरात लिंबू कापल्याचा वास आला. मग चपला, मग कडी हळूच काढल्याचा आवाज. जप पुरा होईपर्यंत मधे उठायचं नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तो त्यांनी मोडला नाही. पण ज्या खिडकीकडे त्यांची पाठ असायची, तिच्याकडे तोंड करून त्या आज बसल्या होत्या.

खाली रस्त्यावर अजून दिवे लागलेले होते. सूनबाई एका हातात अर्धं लिंबू धरून चालली होती. किल्लीवाल्याच्या बंद दुकानासमोर तिनं पिशवीचा हात बदलला. बदलताना आधी थांबली, पिशवी छातीशी टेकवली, दुसऱ्या हातानं खालून आधार दिला आणि मगच पहिला हात सोडला. पिशवी तसूभरही कलली नाही. मग ती बस थांब्याच्या दिशेनं वळली.